मोपा ते लिस्बन: अंतर एकच, मग तास इतके वेगळे का?

डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची आई ६८ वर्षांची, पहिल्यांदाच विमानाने परदेशी निघाली आहे आणि तीही एकटी. धाकटा मुलगा लिस्बनला कामाला आहे, त्याच्याकडे जायचं आहे. गोवा ते लिस्बन अंतर इंटरनेटवर ८,३०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर सव्वानऊ तास होतात. पण दोहामार्गे जाणाऱ्या तिकिटावर साडेचौदा तास लिहिले आहेत, आणि मुंबई-फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्यावर एकोणीस. त्यातून दोहाच्या तिकिटावरची निघायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा केली, तर नऊच तास उरतात. यातलं खरं कुठलं, आणि आईसाठी काढायचं कुठलं?

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. डिचोलीच्या घरातून निघून लिस्बनच्या घरात पाय ठेवेपर्यंत आईचे साधारण एकवीस तास जातील असं धरून चाला. दोहामार्गेच पाठवा. आणि दोहात अडीच तासांऐवजी साडेतीन-चार तास मिळत असतील, तर ते जास्त वेळाचं तिकीट घ्या.

माझी सगळी नोकरी विमान कंपन्यांच्या डिस्पॅच विभागात झाली. विमान कुठल्या वाटेने न्यायचं, वारा किती धरायचा, इंधन किती भरायचं, हे वैमानिकाच्या हाती पडण्याआधी आमच्या टेबलावर ठरतं. तुम्ही विचारलेला हिशेब रोज करत होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अंतराचा आकडा बरोबर आहे. गोव्याच्या नव्या मोपा विमानतळाच्या धावपट्टीपासून लिस्बनच्या विमानतळापर्यंत पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळची रेघ काढली तर ती सुमारे ८,३२० किलोमीटर भरते. जुन्या दाबोळी विमानतळाहून मोजली तर वीसेक किलोमीटर जास्त. भिंतीवरच्या नकाशात ही रेघ सरळ दिसत नाही, उत्तरेकडे फुगलेली दिसते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो. मोपाहून वायव्येला निघून ती अरबी समुद्र ओलांडते आणि इराणच्या जास्क बंदरापाशी किनाऱ्याला लागते. पुढे बुशहर, मग इराकमधलं नजफ, तिथून सीरिया, सायप्रसचा उत्तरेकडचा भाग, ग्रीसचं केफालोनिया बेट, सार्डिनियाचं दक्षिण टोक, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया आणि शेवटी लिस्बन. व्हॅलेन्सियाला ती लिस्बनपेक्षाही थोडी उत्तरेला असते आणि तिथून खाली वळते. लिस्बन आपल्या पश्चिमेला आहे म्हणून विमान नाकासमोर पश्चिमेला जाईल असं वाटतं, पण सुरुवातीचा रोख पश्चिमेपासून बराच उत्तरेकडे, म्हणजे वायव्येला असतो.

आता या वाटेवरची नावं पुन्हा वाचा: इराण, इराक, सीरिया. आकाशालाही सरहद्दी असतात, आणि त्या कधी कुणासाठी बंद होतील हे जमिनीवरचं राजकारण ठरवतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोपच्या विमानांना रशियावरून जाणं बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. २३ जून २०२५ ला कतारने स्वतःचं आकाश काही तास बंद ठेवलं आणि दोहाकडे निघालेली विमानं मिळेल तिथे उतरली. म्हणून नकाशावरची जवळची रेघ आणि विमान खरोखर जी वाट धरतं ती वाट, या दोन्ही गोष्टी वेगळ्या समजा. गोव्याचं एक बरं आहे. इथून आखाताकडे जायची वाट बहुतेक समुद्रावरून आहे, त्यामुळे पाकिस्तानच्या बंदीचा तिला फारसा त्रास झाला नाही.

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. म्हणजे कुठेतरी उतरणं आलंच, आणि उतरणं आलं की लोकांना वाटतं वळसा पडला. इथे हिशेब पाहण्यासारखा आहे. मोपा ते दोहा सुमारे २,५४५ किलोमीटर, दोहा ते लिस्बन सुमारे ५,८१०. बेरीज ८,३५५. म्हणजे दोहाला उतरून गेल्याने सगळ्या प्रवासात जेमतेम ३५ किलोमीटर वाढतात, विमानाच्या हिशेबात दोन-तीन मिनिटं. दोहा त्या जवळच्या रेघेच्या दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर आहे, पण एवढ्या लांब पल्ल्यात मधला बिंदू थोडा बाजूला सरकला तरी एकूण लांबी फारशी बदलत नाही. मुंबई आणि फ्रँकफर्टमार्गे गेलात तरी अंतर ८,८०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाचशेच जास्त, पाऊण तासाहून कमी. तरीही तुमच्या दोन तिकिटांत साडेचार तासांचा फरक आहे. तो अंतराने पडलेला नाही, सांध्यांनी, म्हणजे मध्ये उतरून विमान बदलण्याने, पडला आहे. एका तिकिटात एक सांधा, दुसऱ्यात दोन. लांबच्या विमानप्रवासाचा वेळ बहुतेक करून सांध्यांवर ठरतो, हे एकदा लक्षात आलं की तिकीट निवडणं सोपं होतं.

वेगाचं बघू. ताशी ९०० हा मोठ्या विमानाचा वर उंचीवर पोचल्यानंतरचा वेग. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० साधारण तेवढ्याने जातं. ए३२० सारखं लहान विमान ८३० च्या आसपास. पण चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, उतरायला तेवढीच, आणि त्या काळात वेग बराच कमी असतो. घरी बसून अंदाज करायचा तर मी सगळ्यांना एकच रीत सांगतो: किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर अर्धा तास घाला. दोहा ते लिस्बन ५,८१० भागिले ८०० म्हणजे सव्वासात तास, अर्धा तास घातला की पावणेआठ. प्रत्यक्षात जाताना आठच्या आसपास लागतात. मोपा ते दोहा या रीतीने पावणेचार येतात, वेळापत्रकात चारपर्यंत असतात.

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं त्या क्षणापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ, त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं हे सगळं त्यात येतं. शिवाय कंपनी थोडा वेळ राखून ठेवते, म्हणजे किरकोळ उशीर झाला तरी विमान वेळेवर पोचल्याची नोंद होते. कधी कधी विमान वीस मिनिटं आधी उतरतं त्याचं कारण बहुधा हेच.

वाऱ्याबद्दल मात्र मला थांबून सांगायला हवं, कारण जाताना आणि येताना वेळ वेगळा का, हे फार लोक विचारतात. हिवाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, उत्तर भारत, आखात आणि त्यापलीकडे अकरा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्यात वाऱ्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरही होतो. डिस्पॅचवाला जाताना तो पट्टा चुकवायचा प्रयत्न करतो आणि येताना त्यात विमान घालायचा. समजा दोहा-लिस्बन वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला. ताशी ९०० चं विमान जमिनीच्या हिशेबात ८०० ने जाईल आणि ५,८१० किलोमीटरला सव्वासात तास घेईल. तोच वारा पाठीमागून मिळाला तर हजाराने येईल, पावणेसहा तास. म्हणजे एकाच वाटेवर जाता-येता दीड तासाचा फरक, आणि यात चढ-उताराचा वेळ धरलेलाच नाही. आईच्या परतीच्या विमानांना कमी तास लागतात ते यामुळे. पावसाळ्यात आपल्या अक्षांशावर चित्र उलटं होतं. वरच्या थरात वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो, आणि गोव्याहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीमागून मिळतो. पण पावसाळ्यात मोपाच्या सड्यावर ढग खाली उतरतात आणि सरींचा भर असेल तर विमानांना वर घिरट्या घालाव्या लागतात, त्यामुळे वाऱ्याने दिलेली दहा-पंधरा मिनिटं तिथेच निघून जातात.

आता घड्याळाचं कोडं, ज्यात तुमचे नऊ तास अडकले आहेत. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. कतार आपल्या अडीच तास मागे आहे. पोर्तुगाल हिवाळ्यात साडेपाच तास मागे, आणि उन्हाळ्यात, तिथली घड्याळं तासभर पुढे नेतात तेव्हा, साडेचार तास मागे. समजा जानेवारीत विमान मोपाहून पहाटे ४ वाजता सुटलं. चार तासांनी दोहा, तिथल्या घड्याळात साडेपाच. अडीच तास थांबून ८ वाजता पुढचं विमान, आठ तासांनी लिस्बन, तिथल्या घड्याळात दुपारचा १. तिकीट म्हणतं ४ ला निघाले, १ ला पोचले, म्हणजे नऊ तास. आईच्या शरीराला मात्र चार, अडीच आणि आठ, एकूण साडेचौदा तास झालेले असतात, आणि तिच्या दृष्टीने संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. परतीला उलटं होतं. लिस्बनहून दुपारी ३ ला निघून ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मोपाला उतरली, तर कागदावर साडेसतरा तास दिसतील आणि खरे बाराच झालेले असतील. म्हणून तिकीट बघताना वेळा वजा करू नका. ‘एकूण कालावधी’ म्हणून वेगळा आकडा दिलेला असतो तो बघा, किंवा सगळ्या वेळा गोव्याच्या घड्याळात लिहून घ्या. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं बदलतात. आईची तारीख त्याच्या आसपासची असेल तर मुलाने विमानतळावर कधी यायचं हे त्या दिवसाच्या तिकिटावर पुन्हा पाहायला हवं.

साडेचौदाचे एकवीस कसे होतात ते सांगतो. डिचोलीहून मोपा तासाभराची वाट आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. लिस्बनला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यात दीड तास सहज जातो. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरून येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याला वेळ जास्त लागतो. मुलाला उतरण्याच्या वेळेनंतर तासाभराने विमानतळावर यायला सांगा, आधी येऊन तो उगाच काळजी करत बसेल. लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रो थेट आतपर्यंत येते, त्यामुळे तिथून घर लांब नसावं. तासभर धरला तरी बेरीज एकवीस.

मडगाव किंवा काणकोणहून कुणी हे वाचत असेल तर मोपापर्यंतच्या वाटेचा हिशेब वेगळा करा. काणकोणहून मोपा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, आणि चवथीच्या आधी किंवा नाताळात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पर्वरीला किती वेळ जाईल याचा नेम नाही. उलट सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना मोपा अगदी दाराशी. आणि तिकिटावरचा विमानतळाचा संकेत नीट वाचा: दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून ‘गोवा’ एवढंच लिहिलेल्या तिकिटावर भलत्या विमानतळावर पोचणारी माणसं दर हंगामात दिसतात. दोन्हींमध्ये दीड-दोन तासांची वाट आहे, विमान तेवढं थांबत नाही. कतार एअरवेजने २०२४ मध्ये आपलं गोव्याचं विमान दाबोळीहून मोपाला नेलं. जुन्या अनुभवावर कुणी ‘दाबोळीला जा’ म्हणालं तर ऐकू नका.

आता तिकिटाची निवड, आणि यात मी अगदी ठाम आहे. एकोणीस तासांच्या तिकिटात आईला मुंबईत एकदा आणि फ्रँकफर्टला एकदा विमान बदलावं लागेल. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं आणि पुढचं टर्मिनल दोनवरून असेल, तर मधलं अंतर रस्त्याने कापायचं, तेही मुंबईच्या रहदारीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रँकफर्ट हे युरोपातलं तिचं पहिलं पाऊल ठरेल, त्यामुळे पासपोर्टची तपासणी, ठसे, प्रश्न-उत्तरं सगळं तिथेच, पुढच्या विमानाच्या घाईत. दोहामार्गे गेली तर हे सगळं लिस्बनला होईल, जिथे घाई नाही आणि मुलगा बाहेर उभा असेल. एकट्या वयस्कर माणसासाठी हा फरक चार तासांच्या बचतीपेक्षाही मोठा आहे.

दोहातला अडीच तासांचा थांबा धडधाकट माणसाला पुरतो. पण मोपाहून विमान तासभर उशिरा सुटलं, आणि ते सुटतं, तर उरलेल्या दीड तासात सुरक्षा तपासणी, लांबलचक चालणं आणि गेट शोधणं आलं. पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. विमान चुकलं आणि तिकीट एकाच बुकिंगवर असेल तर कंपनी पुढच्या विमानात बसवते, पण ते दुसऱ्या दिवशीचं असू शकतं. साडेतीन-चार तासांचा थांबा असेल तर एका तासाचा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. सहा तासांच्या पुढे मात्र नको. परक्या विमानतळावर एवढा वेळ एकटीने बसून राहणं थकवतं.

दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडू नका. गोवा-मुंबई एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, वेगवेगळ्या बुकिंगवर, असं केलं की पहिलं उशिरा आल्याची जबाबदारी दुसऱ्यावर नसते. सामानही मध्ये काढून पुन्हा द्यावं लागतं. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असला की मोपाला दिलेली बॅग लिस्बनलाच मिळते. काउंटरवर बॅगेच्या पट्टीवर शेवटचं ठिकाण लिस्बनच आहे ना, एवढं आईला पाहायला सांगा. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा, निदान निघण्याच्या दोन दिवस आधी तरी. आई चालू शकते म्हणून तुम्हाला संकोच वाटेल, पण ही सोय चालता न येणाऱ्यांपुरती नाही. लांब चालणं जमत नसेल, जिने चढवत नसतील तरी ती मागता येते, आणि सोबतचा माणूस विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंत नेऊन बसवतो. बॅगेत खव्याचे पेढे किंवा साजूक तूप देऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि कस्टमला पकडलं की ते फेकून देऊन वर वेळही जातो. आमसुलं चालतात.

आणखी एक, जे तिकिटावर कुठेच नसतं. आईला रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा की प्रवासाच्या दिवशी ती किती तासांनी घ्यायची. दोहाचं किंवा लिस्बनचं घड्याळ बघून ‘अजून सकाळच आहे’ म्हणून गोळी पुढे ढकलली तर मधलं अंतर नकळत अडीच ते साडेपाच तासांनी वाढतं. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. आईच्या मनगटावरचं घड्याळ लिस्बनला पोचेपर्यंत गोव्याच्या वेळेवरच राहू द्या. एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत तीन ओळी लिहून द्या: मोपाहून कधी सुटणार, दोहाला किती वाजता उतरून किती वाजता पुढच्या विमानात बसायचं, लिस्बनला कधी पोचणार. प्रत्येक ओळीत दोन वेळा हव्यात, एक तिथली आणि एक गोव्याची. खाली मुलाचा फोन नंबर देशाच्या संकेतासकट लिहा, म्हणजे तिचा मोबाइल तिथे चालला नाही तरी कुणाच्याही फोनवरून लावता येईल.